काका, ती रिंग अंतराळवीराच्या हातातून नाही निसटली

आमच्या भावकीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरायलाय. खाली चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं आभाळातून पडलेल्या त्या मोठ्या धातूच्या रिंगचा फोटो, अन् वर लिहिलंय की अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून अंतराळवीराच्या हातातून सुटलेली वस्तू कायम तिथंच तरंगते, अन् खाली आलीच तर सरळ तुमच्या वावरात. काका, एकदा ठरवा की, तरंगते का पडते?

गुरुत्वाकर्षण आहे ओ तिथं. स्पेस स्टेशन 400 किलोमीटरवर आहे, तिथं जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के ओढ असते, पण ते सेकंदाला साडेसात किलोमीटरनं पळायलंय. ज्वारीत माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीय ना तुम्ही? दोरी ताणलेली म्हणून दगड गोल फिरतो, इथं दोरीचं काम ही ओढ करते, ती नसती तर स्टेशन कवाच सुसाट निघून गेलं असतं.

मग सुटलेला पाना? तोबी त्याच वेगात असतो, म्हणून जमिनीकडं भिरकावला तरी सरळ खाली येत नाही. पण कायमचाबी राहत नाही, कारण तेवढ्या उंचीवर अगदी विरळ का होईना हवा आहे अन् ती रोज थोडा थोडा ब्रेक लावते. त्यात पिशवीसारखी हलकी फुगीर वस्तू स्टेशनपेक्षा लवकर खाली सरकते, आणि खाली सरकली की फेरा छोटा, वेग जास्त, म्हणून मागं पडायच्या ऐवजी स्टेशनच्या पुढं पळते (हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले). नोव्हेंबर 2008 मधी स्टेशनबाहेर काम करताना नासाच्या अंतराळवीर हायडमेरी स्टेफनिशिन-पायपर बाईंच्या अवजारांच्या पिशवीत ग्रीस गन (ग्रीस मारायची पिचकारी) गळाली, ते पुसता पुसता अख्खी पिशवीच निसटली, ऑगस्ट 2009 ला जळून गेली. नोव्हेंबर 2023 ला निसटलेली दुसरी पिशवी जुलै 2024 ला संपली. ऊस तुटायच्या आत विषय खल्लास.

राहिली रिंग. ती 2 एप्रिल 2022 ची, पाडव्याच्या संध्याकाळची, आपल्या जालन्याकडूनबी लोकांनी आभाळात जळत जाणारी रेघ बघितली होती. दोन-तीन मीटरची रिंग कुणाच्या हातातून निसटंल का? तज्ज्ञांच्या मते तो चिनी लाँग मार्च रॉकेटचा तुकडा.

भीती घालायचीच होती तर खरी गोष्ट होती की. मार्च 2021 ला स्टेशनवरून जुन्या बॅटऱ्यांचा 2.6 टनांचा गठ्ठा मुद्दाम सोडला, मार्च 2024 ला खाली आला, अन् त्यातला 700 ग्रॅमचा तुकडा न जळता फ्लोरिडात एकाच्या घराचं छत फोडून आत गेला. हे फॉरवर्ड केलं असतं तर मी गप बसलो असतो.