लठ्ठ्याची प्रत आगारात ठरत नाही

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: जंगल मजुरांना लाकडाची प्रत ओळखायला शिकवणं म्हणजे पैशांची उधळण. प्रत आगारात, म्हणजे लाकूड साठवून विकायच्या डेपोत ठरते, उरलेलं जळाऊ म्हणून विकलं जातं, मजूर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि उद्या यंत्रं येणारच आहेत. शेवटी पुरावा म्हणून बल्लारशाचं सागवान अयोध्येच्या मंदिरासाठी गेल्याचा दाखला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाबद्दल जिव्हाळा असल्यामुळे मला हे वाचून गप्प बसवेना.

आधी प्रतीचं बघू, कारण सगळी गफलत तिथंच आहे. आगारात लठ्ठ्यांची फक्त वर्गवारी होते. गोलाई म्हणजे घेर, लांबी, सरळपणा, गाठी, पोकळी बघून थप्प्या लावतात आणि लिलाव होतो. पण लठ्ठा किती लांबीचा आणि कुठं कापलेला, हे कुपातच, म्हणजे जंगलाच्या ज्या तुकड्यात तोड चालते तिथंच, ठरून गेलेलं असतं. समजा नऊ मीटरचं खोड आहे आणि साडेतीन मीटरवर त्याला बाक आहे. तो बाक हेरून तिथंच काप घेतला तर दोन्हीकडं सरळ माल मिळतो. काठी लावून दर तीन मीटरला कापत गेलं तर मधला लठ्ठा वाकडा निघतो आणि त्याचा भाव पडतो. झाड तेच, आरीही तीच. आगारातला माणूस कितीही जाणकार असला तरी त्या लठ्ठ्याचं आता काय करणार?

बुंध्याचा हिशेब तर कुणालाही करता येईल. आपल्याकडं लठ्ठ्याचं घनफळ काढायची जुनी रीत अशी: गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. तळाशी 150 सेंटिमीटर गोलाईचं झाड जमिनीपासून 15 ऐवजी 45 सेंटिमीटरवर कापलं, तर 30 सेंटिमीटरचा तुकडा खुंटातच राहतो. हिशेबानं तो 0.042 घनमीटर, म्हणजे सुमारे दीड घनफूट भरतो. हजार झाडांमागं 42 घनमीटर! आणि तेही झाडाच्या सगळ्यात जाड भागातलं. वाकायचा कंटाळा म्हणून कुणी उंच कापत नाही. दिवसभर आरी धरून कंबर मोडलेली असते आणि त्या वीतभर लाकडाची किंमत त्याला कधी कुणी सांगितलेली नसते.

पाडण्यातही तेच. झाड दगडावर किंवा नाल्याच्या काठावर आडवं आदळलं की चीर थेट गाभ्यातून जाते. ज्या बाजूला पाडायचं तिकडं आधी खाच, मग मागून काप, आणि मध्ये लाकडाची पट्टी न कापता राखायची, म्हणजे झाड तिच्यावर बिजागरीसारखं वळून ठरल्या दिशेला पडतं. खाली पडलेलं खोड दोन्ही टोकांवर टेकलेलं असेल तर वरची बाजू दाबाखाली असते. म्हणून आधी वरून थोडा काप, मग खालून पूर्ण करायचा. उलट केलं तर शेवटच्या क्षणी लाकूड फाटतं, कधी आरी अडकते, कधी माणूस जखमी होतो. या प्रशिक्षणातला निम्मा भाग जीव वाचवण्याचा आहे, याचा त्या मजकुरात उल्लेखसुद्धा नाही.

‘उरलेलं जळाऊत जातं, वाया काहीच जात नाही.’ हे अर्धसत्य आहे. रानात पडून कुजणारी फांदी मी वाया गेलेली मानत नाही. तिच्यावर बुरशी, किडे, माती जगतात, आणि गावालाही सरपण लागतंच. वाया जातो तो चौकट होऊ शकणारा, पण चुकीच्या कापामुळं चुलीत गेलेला भाग. कुपात किती झाडं तोडायची ते आधीच खुणा करून ठरतं, त्यामुळं लाकूड वाचलं की लगेच झाड वाचतं असा भाबडा दावा मी करणार नाही. पण इथं कमी निघालेला माल बाहेरून येतो. म्यानमारनं 2014 मध्ये गोल लाकडाची निर्यात बंद केल्यावर आपले व्यापारी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या सागाकडं वळले. आपल्या रानात फाडून टाकलेल्या लठ्ठ्याची भरपाई कुठलं तरी दुसरं रान करतं.

‘पिढ्यान्‌पिढ्या करतात’ हा मुद्दा मात्र मी आदरानं घेतो. कुऱ्हाडीची पाठ खोडावर ठोकून आवाजावरून पोकळी ओळखणारी माणसं या भागात आहेत, आणि त्यांना वर्गात बसवून सागाची पानं दाखवायची काहीच गरज नाही. त्यांना एक गोष्ट मिळालेली नाही: त्यांनी कापलेल्या लठ्ठ्याचं पुढं काय झालं, ही माहिती. कोणत्या कापानं भाव चढला, कोणत्यानं पडला, हे कुपापर्यंत परत येत नाही. त्यात मजुरी नगावर किंवा घनमीटरवर असली की घाईच पदरात पडते. मुंबई प्रांतात 1947 पासून जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्या ठेकेदारांच्या पिळवणुकीतून मजुरांना सोडवायला. कापणाऱ्याचा मालाच्या भावाशी संबंध असावा, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

खर्चाचं म्हणाल तर ब्राझीलमध्ये परागोमिनासजवळच्या जंगलात आखणी करून, प्रशिक्षित टोळ्यांकडून केलेल्या तोडीची नेहमीच्या तोडीशी तुलना झाली. तिथं घनमीटरमागचा खर्च सुमारे 12 टक्क्यांनी कमी आला, आणि त्यात लाकडाची नासाडी घटल्याचा वाटा मोठा होता. तिथलं रान वेगळं, हे मान्य. पण ‘प्रशिक्षण परवडत नाही’ हे गृहीत तिथं तरी टिकलं नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात: स्वीडन-फिनलंडमधली तोडणीयंत्रं सरळसोट सूचिपर्णी झाडांवर चालतात, आणि ती चालवणाऱ्यालाही प्रशिक्षण लागतंच. आपल्या डोंगरउतारावरचा खाचाखोचांचा साग त्यांच्या जबड्यात बसायचा नाही.

राहिली अयोध्या. 2023 मध्ये बल्लारशाहून सागवान गेलं याचा मलाही अभिमान आहे. पण ते निवडून काढलेलं उत्तम लाकूड होतं. त्यावरून उरलेल्या हजारो लठ्ठ्यांची कापणी नीट झाली असं सिद्ध होत नाही. ती तपासायची असेल तर पुढच्या लिलावाच्या दिवशी एखादी टोळी आगारात घेऊन या, त्या दिवसाची मजुरी पूर्ण द्या, आणि त्यांनीच कापलेल्या लठ्ठ्यांवर बोली लागताना त्यांना ती ऐकू द्या.