अर्ज पीएचडीचा, कस पीडीएफचा

पीएचडीच्या अर्जात बुद्धीचा कस लागतो असं म्हणणाऱ्यांनी अर्जाचं पोर्टल उघडून पाहिलेलं नसतं. पहिल्या पानावर सीव्ही चढवायचा आणि दुसऱ्या पानावर त्याच सीव्हीतली ओळ न् ओळ चौकटीचौकटींत पुन्हा टाइप करायची. मधे कुणाशी चार शब्द बोललात की सेशन संपतं आणि पोर्टल नव्याने ओळख विचारतं. म्हणून मी तर म्हणेन, सगळा मजकूर आधी साध्या फाइलमध्ये लिहून ठेवा.

खरी गोम शिफारसपत्रांत असते. बाकी सगळं आपल्या हातात, हे मात्र सरांच्या. पत्रं बहुधा दोन किंवा तीन लागतात. काही पोर्टलं सरांचा ईमेल पत्ता भरताच त्यांना लिंक पाठवतात, काही मात्र आपण अर्ज सादर केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या रात्री अर्ज सादर करणारा सरांना पत्रासाठी उरलेली चाळीस मिनिटं भेट देतो. तेव्हा महिनाभर आधी विचारा. सोबत जाहिरात, सीव्ही, संशोधनाचा प्रस्ताव आणि मुदत पाठवा. पत्ता त्यांचा संस्थेचाच द्या, आणि लिंक स्पॅममध्ये पडली नाही ना, हेही विचारा. आठवण करून देणं ही स्वतंत्र कला आहे: ‘सर, आपल्या सवडीने, पण शुक्रवारच्या आत.’

कव्हर लेटर एका पानाचं. त्यात ‘आपल्याच विद्यापीठात काम करण्याचं माझं स्वप्न आहे’ असं लिहून खाली आधीच्या विद्यापीठाचं नाव तसंच राहतं. पाठवण्यापूर्वी जुनं नाव सर्चमध्ये टाकून बघा. स्वप्नं किती ठिकाणी विखुरली आहेत ते कळतं.

प्रस्तावाची दोन पानं मिळाली, तर नवखा माणूस दीड पान विषयाची थोरवी गाण्यात घालवतो. वाचणाऱ्याला ती ठाऊक असते, बहुतेक त्यानेच आधी गायलेली असते. त्याला हवा असतो नेमका प्रश्न, पद्धत, विदा (डेटा) कुठून मिळणार ते, आणि तीन-चार वर्षांत काम आटोपेल याचा पुरावा. अनेक प्रस्तावांतलं काम तीन जन्मांत मावेल एवढंच असतं.

मुदत रात्री ११:५९ची; पण कुठली रात्र? ‘एनीव्हेअर ऑन अर्थ’ असेल तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, उणे १२ तास, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेतो चालतं. एवढं औदार्य सगळे दाखवत नाहीत. बरेच जण आपल्या शहराच्या घड्याळावर दार लावतात. त्याच रात्री कळतं की गुणपत्रिका ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईने) स्कॅन केल्यात आणि फाइलची मर्यादा ५ एमबी आहे. १५० ते २०० डीपीआय, कृष्णधवल, पुरे.

एक राहिलंच. जाहिरातीचं पान अर्जाच्या दिवशीच सेव्ह करा. मुदत संपताच ते गायब होतं, आणि मुलाखतीचं बोलावणं येतं तेव्हा आपण नेमक्या कुठल्या विषयाचं ‘लहानपणापासून वेड’ असल्याचं लिहिलं होतं, ते कुणालाच विचारता येत नाही.