घोड्याचं चिलखत वेगळं पडेल

आमच्या घरात गेम विकत घेताना खरी अडचण पैशांची नसते, एसएमएसची असते. माझं सेव्हिंग अकाउंट कॉलेजात असताना बाबांबरोबर जॉइंट उघडलेलं, मोबाईल नंबर त्यांचा, आणि तो बदलायचा फॉर्म मी कित्येक वर्षं "या शनिवारी नक्की" भरतोय, मग कळतं की आज दुसरा शनिवार. त्यामुळे मी कोथरूडात आतल्या खोलीत स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, बटण दाबलं की बाहेर हॉलमध्ये टुंग होतं आणि पाठोपाठ आवाज, "चारशे एकोणपन्नास कशाचे रे?"

बाबा ऑडिटमधनं रिटायर झालेत. त्यांना "असंच" चालत नाही.

"डीएलसी घेतलं बाबा."

"म्हणजे?"

"गेमचा पुढचा भाग."

"गेम तर दिवाळीत घेतलास ना? मग दिवाळीत काय घेतलंस?"

याला खरंतर गेम कंपन्यांकडेही उत्तर नाही, मी कुठनं देऊ. तरी मी अगदी मुळापासून सांगायला घेतलं. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डा नावाच्या गेम कंपनीने ऑब्लिव्हियन या त्यांच्या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं, पीसीवर किंमत १.९९ डॉलर, लोक खदाखदा हसले, शिव्या घातल्या आणि वर विकतही घेतलं, आणि तिथनं हे सगळं जे सुटलंय ते आजतागायत.

बाबांनी चष्मा काढला. "घोडा गेममध्येच होता?"

"हो."

"आणि चिलखत वेगळं. घोडा मेला तर पैसे परत?"

"नाही हो."

"कळलं. मंगल कार्यालय आहे हे."

आणि खरंच, ताईच्या लग्नाची पावती त्यांनी जपून ठेवलीय, ती काढली. हॉलचं भाडं एक आकडा, त्याखाली बारीक अक्षरात वीज मीटरप्रमाणे, जनरेटर तासावर, साफसफाई, खुर्च्यांची कव्हरं, वरपक्षाच्या खोलीचा एसी, आणि केटरर बाहेरचा आणलात तर त्याची रॉयल्टी. खालची बेरीज वरच्या भाड्याच्या पुढे गेलेली. "यांनी निदान आधी सांगितलं होतं," बाबा म्हणाले, आणि इथे मात्र मी गप्प बसलो, कारण मागच्याच महिन्यात घेतलेल्या एका गेममध्ये (नाव घेत नाही, पण चांगला महागातला होता) मेन मेनूतच एक पात्र कुलूप लावून उभं होतं, रिलीजच्या दिवशी! म्हणजे बनवून तयार आहे, माझ्याच डिस्कवर जागा खाऊन बसलंय, पण हात लावायचा नाही.

आता गैरसमज नको, मी फुकट्या नाही. जास्तीचं काम केलंत तर जास्तीचे पैसे घ्या ना. एज ऑफ एम्पायर्स टू वर २००० साली कॉन्करर्स आलं त्यात पाच नव्या संस्कृती होत्या, आमच्या अख्ख्या गल्लीची सुट्टी त्यात गेली. विचर थ्री वाल्यांनी तर सोळा बारकी डीएलसी फुकट वाटली आणि २०१६ मध्ये ब्लड अँड वाइनसाठी पैसे मागितले तेव्हा त्यात अख्खा नवा प्रदेश दिला, इतकं मोठं की काही कंपन्यांनी तेवढ्याचा वेगळा गेम काढला असता. तिथे मी टुंगची पर्वा केली नाही. याउलट २०१७ चं स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू. पूर्ण किंमत मोजून घ्या आणि डार्थ व्हेडर हवाय तर तासन्‌तास राबा, नाहीतर लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असे डबे, फोडत बसा. तो काढणाऱ्या ईए कंपनीने रेडिट या चर्चेच्या साइटवर खुलासा केला की हे सगळं तुम्हाला अभिमान आणि काहीतरी कमावल्याचं समाधान वाटावं म्हणून आहे, त्या एका कमेंटला सहा लाखांवर डाउनव्होट (नापसंतीची मतं) पडले, गिनेसमध्ये नोंद झाली. पुढच्या वर्षी बेल्जियमने असले पैसे घेणारे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "बेल्जियमात ऑडिट चांगलं दिसतंय."

पण नुसत्या कंपन्यांना काय बोलायचं, आपली जमात कुठे धड आहे. माझा भाचा आठवीत आहे, त्याला गेम आवडत नाही, गेममधले कपडे आवडतात. डिफॉल्ट स्किन, म्हणजे गेमने दिलेले साधे कपडे, घालून खेळलं तर मित्र हसतात म्हणे. काउंटर स्ट्राइकमध्ये असे चाकू आहेत की त्या किमतीत चांगली दुचाकी येईल, आणि त्याने नेम तसूभरही सुधारत नाही, मी मरताना फार जवळनं बघितलेत. मारणारा माइकवर "नूब" (म्हणजे नवशिक्या) म्हणून ओरडतो आणि त्याच्या मागनं कुकरची शिट्टी आणि "जेवायला बसतोयस की नाही" ऐकू येतं. मग तो म्हणतो, "काका, जरा कव्हर द्या ना, ताट वाढलंय." दिलं कव्हर. काय करणार.

तर त्या दिवशी बाबांना पटवायचं म्हणून मी हुकमी पान काढलं. युरोपा युनिव्हर्सालिस फोर. मराठी मुलखातलं छोटं राज्य घ्यायचं आणि वाढवत वाढवत मराठे व्हायचं. बाबा उठून माझ्या खुर्चीत येऊन बसले. नकाशा बघितला, माउसने कोकणापासून वर सरकत सरकत पार अटकेपर्यंत गेले. भारतासाठी २०१८ मध्ये धर्म नावाचं एक्स्पान्शन, म्हणजे मोठं डीएलसीच, आलंय, पण ते वेगळं घ्यावं लागेल, मी हळूच म्हटलं.

"मग घे की, विचारतोस काय!"

घोड्याला दोन डॉलर जड आणि इकडे लगेच मंजुरी. मी पटकन कार्टमध्ये टाकलं, पण बाबा जाहिरात सोडून आधी अटी वाचणारे. पैसे भरायच्या पानावर स्टीमने हल्ली एक ओळ टाकलीय, की तुम्हाला मिळतंय ते लायसन्स. बोट तिथेच थांबलं.

"मालकी नाही?"

"नाही. वापरायची परवानगी."

"ही एवढी यादी आहे तुझी, ती सगळी परवानगी?"

"हो."

"उद्या तुझ्या मुलाच्या नावावर करता येईल?"

"अकाउंट ट्रान्सफर होत नाही बाबा."

ते बराच वेळ माझ्या लायब्ररीवरनं स्क्रोल करत राहिले, सेलमध्ये घेऊन कधीच न उघडलेले गेम एकामागून एक जात होते. मग डायरी मागवली, नवीन पान काढलं, वर 'स्टीम' लिहिलं, खाली गेमचं नाव, रक्कम, आणि तिसरा रकाना 'नॉमिनी' म्हणून आखला, आणि सगळीकडे स्वतः लाल पेनने 'निरंक' भरलं.