साक्षीदार खरे, स्पीकर जुने

जमिनीवर उभे राहणारे जुने स्पीकर घरात आले की पहिला वाद आवाजाचा होत नाही, जागेचा होतो. कमरेएवढ्या उंच, एकेक तीस किलोच्या आसपास वजनाच्या त्या दोन पेट्यांची अपेक्षा अशी असते, की त्यांना मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे उभे करावे, बाजूच्या भिंतींपासून सारखे अंतर राखावे आणि एकमेकींपासून इतके लांब ठेवावे, की त्या दोघी आणि ऐकणारा माणूस मिळून समभुज त्रिकोण व्हावा. हा त्रिकोण कागदावर फार देखणा दिसतो. आमच्या बैठकीच्या खोलीत तो प्रत्यक्ष आखला तेव्हा त्याची एक बाजू स्वयंपाकघराच्या वाटेवर आडवी पडली, दुसरीमुळे कपाटाचे दार अर्धेच उघडू लागले आणि तिसऱ्या कोनात, म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यभागी, मी एकटा खुर्ची टाकून बसलो.

"अहो, माणसांनी चालायचं कुठून?" पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता, म्हणून मी भौतिकशास्त्राचा आधार घेतला. पण भौतिकशास्त्र घरात सांगताना जपून सांगावे लागते, कारण ते ऐकणारे लक्षात ठेवतात. एडगर व्हिल्चर या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंगसारखे वापरून लहानशा पेटीतून भरदार खर्ज काढून दाखवला, ही गोष्ट मी पूर्वी कधीतरी मोठ्या कौतुकाने सांगितलेली होती. "म्हणजे हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच सुटला होता ना? मग एवढी धुडं कशाला?" यावर शास्त्रीय उत्तर आहे. पेटीचा लहान आकार, खर्जाची खोली आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी पदरात पडतात. तिसरी सोडावी लागते. हे उत्तर मी दिले आणि त्यातले "सोडावी लागते" एवढेच शब्द उचलले गेले.

स्टिरिओचा, म्हणजे दोन स्पीकरांतून आवाजाची जागा भासवण्याच्या तंत्राचा, मूळ दोष मात्र कोणी फारसा बोलून दाखवत नाही. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. होणाऱ्या पत्नीबरोबर चित्रपट पाहताना, पडद्यावरचा माणूस एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून येतो हे त्याला खटकले आणि तिथून ही कल्पना निघाली, असा किस्सा सांगतात. त्या शोधाचा परिणाम असा, की नवरा-बायकोने शेजारी बसून गाणे नीट ऐकण्याची सोय संपली. दोन्ही स्पीकरांपासून समान अंतरावर एकच खुर्ची मावते. शेजारच्या खुर्चीवरचे माणूस एका स्पीकरच्या जवळ सरकते आणि त्याच्यापुरता गायकही त्याच बाजूला सरकतो.

जागेचा तह झाल्यावर आवाजाच्या तपासणीला सुरुवात झाली आणि तेव्हा लक्षात आले, की जुन्या स्पीकरांच्या तक्रारीचा छडा लावायचा तर घरातल्या प्रत्येकाची साक्ष घ्यावी लागते, आणि अडचण साक्षीदार खोटे बोलतात ही नसून सगळेच खरे बोलतात ही आहे. मी मध्यभागी बसून म्हणत होतो, "खर्ज अजिबात नाही." मागच्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावरून आई म्हणत होती, "अरे, छातीत धडधडतंय, कमी कर." स्वयंपाकघरातून पत्नी सांगत होती, की गाणे ऐकूच येत नाही, नुसते धम्म-धम्म येते. दारात उभ्या असलेल्या मुलीच्या मते सगळे ठीक होते, फक्त गाणी जुनी होती.

या चारही साक्षी शब्दशः ग्राह्य धरता येतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. खोली चार मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४३ कंपनांच्या, आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमू लागतो. त्याचा दाब भिंतींलगत सर्वांत जास्त आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणजे आईला जो खर्ज दुप्पट मिळत होता तो माझ्याच वाट्यातून जात होता. शिवाय त्या सुराच्या लहरीची लांबी आठ मीटर, त्यामुळे दार, कोपरा, कपाट असल्या अडथळ्यांची तो पर्वा करत नाही आणि वळसा घालून थेट स्वयंपाकघरात जातो. दहा हजार हर्ट्झचा नाजूक सूर साडेतीन सेंटिमीटरचा, तो वाटेतल्या सोफ्यावरच राहतो. उपाय एकच होता : माझी खुर्ची मध्यावरून थोडी मागे घ्यायची आणि स्पीकर भिंतीपासून आणखी पुढे आणून चार-चार बोटे सरकवत ऐकायचे. तीस किलोची पेटी चार बोटे सरकवणे हे चार फूट सरकवण्यापेक्षा अवघड असते. ती एकदा हलली की पाहिजे तिथे थांबत नाही, आणि तळाला टोकदार पाय असतील तर फरशीवर तिच्या प्रवासाची नोंदही राहते. त्या टोकांखाली नाणी ठेवावीत, असा सल्ला जाणकार देतात. नाणी ठेवायला पेटी उचलायची कोणी, हे ते सांगत नाहीत.

योग्य जागा सापडली तेव्हा मी पेट्यांच्या चारही कोपऱ्यांशी चिकटपट्टीच्या खुणा केल्या, कारण केर काढताना स्पीकर रोज थोडेथोडे भिंतीकडे सरकत होते. स्पीकर भिंतीकडे गेला की खर्ज वाढतो, कोपऱ्यात गेला की आणखी वाढतो, आणि आईची तक्रार पुन्हा सुरू होते. चिकटपट्टीच्या त्या खुणा आईनेच नखाने खरवडून काढल्या. फरशीला काहीतरी चिकटले आहे असे तिला वाटले.

दरम्यान आईनेच आणखी एक साक्ष दिली होती. "गाणारा नक्की कुठं बसलाय तेच कळत नाही," ती म्हणाली. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात या लक्षणाला पानभर जागा लागते. एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या, की एकाचा कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारा कागदी शंकू, पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधोमध उभा राहायला हवा तो गायक खोलीभर पसरतो. तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. ॲम्प्लिफायरच्या तारा सोडवाव्यात, सेलचे धन टोक लाल टर्मिनलला आणि ऋण टोक काळ्याला क्षणभर टेकवावे आणि वूफरकडे, म्हणजे खर्ज काढणाऱ्या मोठ्या कोनाकडे, पाहावे. कोन बाहेर उसळला तर जोडणी सरळ. यातही मेख आहेच. जेबीएल या कंपनीच्या कित्येक जुन्या स्पीकरांत लालला धन लावले की कोन आत जातो, आणि तो दोष नसून त्यांची तशीच पद्धत होती. दोन्ही पेट्या एकाच दिशेने वागल्या म्हणजे झाले. आमच्या वागत नव्हत्या. पूर्वीच्या कोणत्या तरी मालकाने एका पेटीच्या आत हात घालून तारांची अदलाबदल केली होती, आणि त्याने ती का केली असावी यावर आमच्या घरी अजून मतभेद आहेत.

आत हात घालायचाच होता तर वूफर बाहेर काढला, आणि त्याच्या कडेचे फोमचे कडे बोटाला लागताच भिजलेल्या राखेसारखे सुटून आले. त्यात नवल काही नाही. हे पॉलियुरेथेन फोम हवेतल्या दमटपणाने पंधरा-वीस वर्षांत विरतेच, स्पीकर वाजवा अथवा झाकून ठेवा. "एकदाही वापरला नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्या विक्रेत्याच्या स्पीकरचे कडेही तेवढेच विरलेले असते. रबरी किंवा कापडी कडे मात्र कितीतरी जास्त टिकते. नवे कडे चिकटवण्याचे काम संयमाचे आहे. आधी जुना गोंद कागदी कोनाला इजा न करता खरवडायचा, मग कोनाच्या मधली टोपी कापून काढायची आणि तारेचे वेटोळे चुंबकाच्या ज्या अरुंद फटीत फिरते तिच्यात जाड कागदाच्या पट्ट्या चहूबाजूंनी खोचून ते वेटोळे मधोमध धरायचे. मग गोंद लावायचा आणि तो वाळेपर्यंत त्याकडे पाहायचे नाही. शेवटी पट्ट्या काढून, दोन्ही हातांची बोटे कोनावर सारखी टेकवून, तो हलक्या हाताने आत दाबायचा आणि कान अगदी जवळ नेऊन ऐकायचे. काही ऐकू आले नाही तर जिंकलात. बारीकशी "खर्र" आली तर वेटोळे कुठेतरी घासते आहे आणि सगळे पहिल्यापासून. मी असा जमिनीवर ओणवा होऊन वूफरला कान लावून बसलो असताना मुलीने तिच्या मैत्रिणीला दारातूनच परत नेले.

यानंतर उरला होता डाव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे नाजूक सूर काढणारा छोटा भाग, जो लहर लागली तर गात असे. अशा वेळी बहुतेक लोक थेट ट्वीटर बदलतात आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देतात. शहाणपणाची रीत अशी, की ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. दोष उजव्या स्पीकरात गेला तर स्पीकर निर्दोष, गुन्हेगार ॲम्प्लिफायर किंवा त्याच्याही मागे. दोष डावीकडेच राहिला तर तार किंवा स्पीकर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या रीतीचा प्राण आहे. आणि नांदत्या घरात एका वेळी एकच गोष्ट कधीही बदलत नाही. मी तारा बदलून समोर येईपर्यंत मुलीने गाणे बदललेले असे, पत्नीने "फार किणकिणतंय" म्हणून ट्रेबल उतरवलेले असे आणि पंखा कोणी लावला ते कळत नसे.

तरीही दोष डावीकडेच राहिला. मल्टिमीटर लावला, आठ ओहमच्या ट्वीटरने सहाच्या आसपास आकडा दाखवला, म्हणजे त्याचे वेटोळे शाबूत होते. आता संशय क्रॉसओव्हरमधल्या, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या जोडणीतल्या, कॅपॅसिटरांवर गेला. जुन्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरांची मूल्ये वयोमानाने घसरतात वा वाढतात, म्हणून ते सर्रास बदलले जातात. मी इस्त्रीसारखी तापणारी सोल्डरिंगची सळई बाहेर काढली, तेवढ्यात आई उठली, तिने पेटीच्या डोक्यावर तळहाताची एक सणसणीत थाप मारली आणि ट्वीटर गाऊ लागला.

या थापेला मी अडाणी उपाय म्हणणार नाही. जळालेले वेटोळे थापेने जिवंत होत नाही आणि सुकलेला कॅपॅसिटरही नाही; थापेने जे सुरू होते ते कुठेतरी सैल किंवा गंजलेले असते. म्हणजे एका फटक्यात दोन संशयित सुटले होते. पेटीच्या मागे ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करण्याचे एक गोल बटण होते, आणि त्याच्या पोटात तारेच्या वेटोळ्यावर फिरणारी पितळी पट्टी वर्षानुवर्षे एकाच जागी राहून काळी पडली होती. संपर्क साफ करणारा फवारा मारून ते बटण इकडून तिकडे पुष्कळ वेळा फिरवले. मुळात ती तार काही ठिकाणी झिजलेलीच असल्यामुळे ट्वीटर आता एकाच जागी बिनतक्रार चालतो, आणि ती जागा छापलेल्या मधल्या खुणेच्या किंचित पुढे आहे. त्यामुळे आमच्याकडे डाव्या बाजूची झांज उजवीपेक्षा जरा जास्त खणखणते. नव्या बटणाचा शोध सुरू आहे. तोवर हे बटण हलू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे. ती पेटीच्या मागच्या बाजूला असल्यामुळे आईच्या नजरेस अजून पडलेली नाही.