डबे मोजून आणले होते

आज एका बोरन्हाणाला जाऊन आले आणि डोकं इतकं तापलंय की साडीही न बदलता लिहायला बसलेय. कुणाकडे ते विचारू नका. गंगापूर रोडला, एवढंच पुरे.

बाळ गोड आहे, त्या बिचाऱ्याचा काय दोष. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, औक्षण, सगळं रीतसर. मागे फुग्यांची कमान. डोक्यावरून ओतायला मात्र एक वाटी. वाटी हो! थोडे चुरमुरे, चार बोरं, बाकी रंगीत चॉकलेटच्या गोळ्या. फोटोवाला म्हणाला "परत एकदा", तर पोरांच्या हातातलं काढून घेऊन परत ओतलं! मग टेबलावरचे हॅम्पर वाटले. झाकणाला खिडकी असलेला पांढरा डबा, सॅटिनची रिबन, वर प्रत्येक मुलाच्या नावाचं स्टिकर. चारशेला एक. मी विचारलं नव्हतं, यजमानीणबाईंनी आपणहून सांगितलं.

पोळ्यांना येणाऱ्या मावशींची मुलगी दाराशी उभी होती, असेल चारेक वर्षांची. लुटीत तिने फ्रॉकच्या झोळीत मूठभर चुरमुरे आणि एक बोर जमवलं होतं. एकेकाचं नाव पुकारून डबे दिले, तिचं आलं नाही. येणार कसं? डबे मोजून आणलेले. वर कुणीतरी तिलाच म्हणालं, "खाली पडलेलं खाऊ नको गं." अहो, बोरन्हाणात दुसरं करायचं काय असतं? धुतलेल्या चादरीवर पडलेलं वेचून खायचं, त्यासाठीच तर पोरं येतात! शेवटी आजींनी तिच्या हातावर दहाची नोट ठेवली. ती घेऊन पोरगी आत ओट्यापाशी आईकडे गेली.

ज्याचे पैसे त्याने हवे तसे उडवावेत, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण महागाचा डबा मोजूनच येतो. चारशेचे पाच डबे 'असू देत जास्तीचे' म्हणून कोण आणून ठेवणार? ऐंशी रुपयांचा असेल तर कुणीही ठेवेल. आमच्या नाशिकरोडच्या चाळीत धाकट्या भावाचं बोरन्हाण झालं तेव्हा आईने परात भरून खाऊ केला होता, त्यात लिमलेटच्या गोळ्या हीच काय ती चैन. बोलावलेली पोरं किती आणि न बोलावता आलेली किती, हे आईला तरी कुठे माहीत होतं.

बरं, त्या चारशेच्या डब्यात होतं काय? घरी आल्यावर भाचीचा उघडला. बाळाचा फोटो छापलेलं फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट, प्लास्टिकची गाडी, जेलीच्या गोळ्या आणि चॉकलेटमध्ये बुडवलेले अख्खे शेंगदाणे. संक्रांतीच्या डब्यात तीळ औषधालाही नाही! आणि भाची दोन वर्षांची आहे हो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा शेंगदाणा देऊ नका, म्हणून बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडतात. नीट चावता येत नाही, हसता-पळताना दाणा श्वासनलिकेत जातो. अख्ख्या द्राक्षाचंही तेच. आपल्याकडे द्राक्षं आता सुरू होतील, पोरांना उभी चिरून, चार तुकडे करून द्या. डब्याच्या रिबनचा रंग कमानीला जुळतोय का, एवढंच बघितलेलं दिसतंय.

आता म्हणाल, नोकरी करणाऱ्या बाईला वेळ कुठे असतो, आणि हे हॅम्पर करणाऱ्याही आपल्यासारख्याच बाया, त्यांचं घर चालतं त्यावर. मान्य. मग त्यांनाच सांगा ना, ताई, शंभराच्या आतला करून द्या आणि पाच वरती द्या. खुशीने देतील.

याच भाचीचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत करायचंय. बहिणीने मला हॅम्परवाल्यांचे फोटो पाठवले होते, आज संध्याकाळीच तिला फोन करून सांगितलं की डब्यांचं मी बघते. बोरं, ऊस, गाजरं, हरभऱ्याचे घाटे गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून. चुरमुरे, रेवड्या, राजगिऱ्याचे लाडू रविवार कारंजावरून. डबा साधा पुठ्ठ्याचा, रिबनऐवजी दोरा. लाल दोऱ्याचा मोठ्या पोरांना: शेंगा, रेवड्या, उसाचे करवे, बोरं. पिवळ्या दोऱ्याचा छोट्यांना: राजगिऱ्याचा लाडू, चुरमुरे, आणि बारीक कूट घालून केलेला मऊ तिळाचा लाडू, गूळ जास्त तापवायचा नाही म्हणजे कडक होत नाही. बेदाणे आपल्या पिंपळगावकडचेच, तेही जरा मोठ्यांनाच. सगळ्यांना खडूंची एक छोटी पेटी. डब्यासकट ऐंशीच्या वर जात नाही, मी हिशोब मांडून बघितलाय.

हलव्यात मात्र काटकसर करणार नाही. चाळीतल्या एक काकू घरी करायच्या, मी शेजारी बसून बघायचे. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर पाक अगदी थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी सारखं फिरवत राहायचं. तास न् तास. घाई केली की गठ्ठा होतो. थंडी कडक असली की काटा सुरेख यायचा, आणि काकूंची बोटं मात्र भाजून लालबुंद झालेली असायची. असा हलवा कुणी विकत देत असेल तर मागेल ते पैसे देईन. मोठ्यांच्या डब्यात चिमूटभराची पुडी, बास.

आणि नावं नाहीत. एकाही डब्यावर नाव लिहिणार नाही. ती दाराशी उभी असलेली पोरगी डोक्यातून जात नाहीये. तिने काही मागितलं नाही, रडलीही नाही, रडली असती तर निदान कुणाला लाज तरी वाटली असती! आणि हो, मी माझ्या हातातला भाचीचा डबा तिला देऊ केला होता. तिच्या आईनेच घेऊ दिला नाही. "त्यावर दुसऱ्या बाळाचं नाव आहे ना ताई," म्हणाल्या.

ही पोस्ट त्या घरचे वाचतील बहुतेक. वाचू देत.

बुधवारी सकाळी लवकर गंगेवर जाणार आहे, उन्हं चढली की बोरं उरलीसुरली मिळतात. कुणाला हवी असतील तर मंगळवारी रात्रीपर्यंत सांगा, किती ते किलोत सांगा. आणि घरी हलवा करणारं कुणी इंदिरानगर-सिडकोकडे माहीत असेल तर मला मेसेज करा, इथे नंबर टाकू नका.