चार्जर बिघडलेला नाही

माझ्या मोटरसायकलचा यूएसबी चार्जर बिघडलेला नाही. हे जाहीर करावं लागतंय, कारण तो बिघडल्याची खबर आमच्या इमारतीत पक्की झाली आहे. आज सकाळी लिफ्टमध्ये एका बाईंनी "जाऊ द्या हो, घरी केलेल्या कामाचं असंच असतं" म्हणून माझं सांत्वनही केलं. त्यांचा मजला आला नसता तर मी त्यांना रिलेची, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचची, अख्खी जोडणी ऐकवली असती.

काम साधं होतं. हँडलवर फोन लावून नकाशा बघत निघालं की फोन अर्ध्या वाटेत मान टाकतो. म्हणून १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारं पोर्ट बसवायचं, आणि तेही किल्ली फिरवली की सुरू, काढली की बंद असं. थेट बॅटरीवर जोडलं तर फोन लावलेला नसतानाही पोर्ट थोडीथोडी वीज पीत बसतं. त्यात निळे आकडे चमकवणारं असलं आणि २० मिलीअँपिअर खात असलं, तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास गेला. बॅटरी ५ अँपिअर-तासांची. दहा दिवसांत ठणठणाट, आणि स्टार्टरने त्याच्या कितीतरी आधीच हात वर केलेले.

गाडीशेजारी माणूस उकिडवा बसला की तो सार्वजनिक मालमत्ता होतो. येणारा-जाणारा "बंद पडली का?" विचारतो. "नाही" म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र विचारून थांबले नाहीत. "टॉर्च मी धरतो" म्हणाले आणि त्यांनी फोनचा टॉर्च लावला. त्यांचा टॉर्च त्यांच्या बोलण्यामागे फिरतो. मेव्हण्याच्या स्कूटरचा विषय निघाला की उजेड शेजारच्या स्कूटरवर, पाण्याच्या टाकीचा निघाला की छतावर. माझी बोटं बॅटरीच्या खाचेत अंधारातच.

"एवढं कशाला करताय? डायरेक्ट घ्या."

"डायरेक्ट घेतलं तर बॅटरी उतरते, काका."

"मग हा काळा डबा कसला?"

"रिले. टेल लॅम्पच्या वायरवरून याला नुसती खूण मिळते, ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांवर. खरी वीज बॅटरीतून फ्यूजमधून ३० ला येते आणि ८७ मधून पोर्टला जाते."

काकांनी डबा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "बाकीचे आकडे कुठे गेले?"

मी सांगितलं की ही जर्मन मानकातली नावं आहेत. ३० म्हणजे थेट बॅटरी, ३१ म्हणजे अर्थिंग, १५ म्हणजे किल्लीनंतरची वीज. काका गंभीर झाले. "म्हणजे अर्थिंगचा ३१ यात नाहीच? नीट बघून घेतलंत ना? फसवतात हो हल्ली."

मग फ्यूज.

"हा उडाला तर?"

"उडावा म्हणूनच लावतात. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर आग लागायला नको."

"उडणारच असेल तर लावता कशाला?"

यावर मी उत्तर दिलं नाही. निगेटिव्ह आधी सोडवलं, मग पॉझिटिव्हचा स्क्रू काढला, आणि त्याखालचा तो चौकोनी नट निसटून टणकन खाली पडला. ज्यांनी कधी दुचाकीची बॅटरी खोलली आहे त्यांना हा नट ठाऊक असेल. टर्मिनलच्या पोटात तो सुटाच बसवलेला असतो आणि स्क्रू निघाला की पसार होतो. काकांनी चपळाईने तो उचलला. "माझ्याकडे राहू दे, नाहीतर हरवाल." शर्टाच्या खिशात टाकला.

पंधरा-वीस मिनिटांत मी वायरी ओढून, स्लीव्ह चढवून वर पाहिलं तर काका नाहीत. नट नाही. टॉर्चही नाही, पण त्याचं दुःख नव्हतं.

काळ्या हातांनी कोपराने बेल दाबली. काका बनियनवर आले. "शर्ट? अहो, तुमच्या गाडीशेजारी उभं राहून त्याला ग्रीस लागलं. धुवायला टाकला." आतून वॉशिंग मशीनचा आवाज येत होता. खळ्, खळ्, टण्. दार समोरून उघडणारं, म्हणजे कपडे धुऊन होईपर्यंत कुलूपबंद. काकू म्हणाल्या, "बराच वेळ लागेल अजून." आणि मग, माझ्याकडे बघून, "मशीन बिघडलं म्हणजे?"

मी दारातच उभा राहिलो. आत या असं कुणी म्हटलं नाही; हात बघता बरोबरच होतं. उभं राहून राहून माणसाचा राग भलतीकडे जातो. हजारो सुटे भाग जोडून गाडी बनवतात, त्यात एक पोर्ट जड होतं का? बरं, स्वतः बसवावं तर वायरींच्या रंगांचा मेळ नाही. अर्थिंगची वायर एका कंपनीत हिरवी, दुसरीत काळी, तिसरीत काळ्यावर पिवळी रेघ. आणि एवढं करून फोन हँडलवर लावला तर अ‍ॅपलने २०२१ साली सांगून ठेवलंय की दणकट इंजिनांच्या मोटरसायकलींच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्यातली यंत्रणा खराब होऊ शकते. म्हणजे चार्ज होईल, पण दिसेल धूसर.

नट मिळाला, लखलखीत. जोडणी झाली. किल्ली फिरवली, पोर्ट लागलं, फोन चार्ज होऊ लागला. किल्ली काढली, बंद. याहून जास्त त्या पोर्टकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

संध्याकाळी काका खाली आले, केबल खुपसली, फोन लावला. किल्ली माझ्या खिशात, मी घरात. दहा मिनिटं वाट पाहून त्यांनी वॉचमनला निकाल सांगितला. वॉचमनने बाकीच्यांना.

मी समजावून पाहिलं. "गाडी चालू असेल तरच चालणार?" काका म्हणाले. "मग घरी बसून त्याचा उपयोग काय?"

आता त्यांना स्वतःच्या स्कूटरला पोर्ट हवंय. मी हो म्हटलेलं नाही, पण सामान आलंय. आकडेवाला डबा नको, फ्यूज नको, डायरेक्ट. दोन्ही वायरी त्यांनी काळ्याच आणल्यात. मळखाऊ असतात म्हणे.