रोमन नाणी पुरावा आहेत, पण कशाचा?

‘इतिहासकार खोटं लिहितात, नाणं खोटं बोलत नाही’ असं सांगणारा रोमन नाण्यांवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाचीने तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

म्हणे, नाण्यावर स्वतःचा चेहरा छापणारा जगातला पहिला माणूस ज्युलिअस सीझर. साफ चूक. अलेक्झांडरनंतरचे ग्रीक राजे सीझरच्या अडीचशे वर्षं आधीपासून हेच करत होते. हां, रोमच्या टाकसाळीतल्या नाण्यावर जिवंत रोमन माणसाचा चेहरा आला तो मात्र इ.स.पू. ४४ मध्ये, सीझरचाच. तेवढं खरं.

पुढे म्हणे, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेला ब्रूटस व्यक्तिपूजेच्या विरोधात होता, म्हणून त्याच्या नाण्यावर फक्त टोपी आणि दोन खंजीर. मेसेजमध्ये नाण्याच्या एकाच बाजूचा फोटो आहे. दुसऱ्या बाजूला खुद्द ब्रूटसचा चेहरा आहे!

‘लोक निरक्षर होते, प्रचार त्यांना काय कळणार?’ असंही मेसेज विचारतो. त्या टोपीला अक्षरओळख लागत नव्हती. गुलामीतून सुटलेला माणूस ती घालतो हे रोममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. इतिहासकार कॅसिअस डिओ याच नाण्याबद्दल स्पष्ट लिहितो, की आपण मायदेश मुक्त केला हे ब्रूटसला त्यातून सांगायचं होतं. डिओ दोनशेहून जास्त वर्षांनंतरचा, हे मान्य. प्रत्येक छाप सत्ताधीशाने स्वतः निवडली असेल असंही नाही. पण नाण्यातला संदेश ही आजच्या अभ्यासकांची कल्पना नाही, एवढं डिओवरून नक्की ठरतं.

सगळ्यात घातक आहे तो मेसेजचा ‘नाणं खोटं बोलत नाही’ हा मथळा. मुलं तो वाचून नाण्यावरचं चित्र म्हणजे घडलेली घटना असं धरून चालतात. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस वयाच्या ७५व्या वर्षी वारला, तरी नाण्यांवर तो शेवटपर्यंत तरुणच. आणि त्याचं इ.स.पू. १९च्या सुमाराचं चांदीचं नाणं पाहा. एक पार्थियन, म्हणजे आजच्या इराणच्या भागातल्या रोमच्या शत्रुराज्याचा माणूस, गुडघे टेकून रोमन सैन्याचं निशाण परत देतोय. ही निशाणं रोमन सेनापती क्रॅससने इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांविरुद्ध कार्हेच्या लढाईत गमावली होती. इ.स.पू. २० मध्ये ती परत आली ती दबाव आणि वाटाघाटींमधून. त्यासाठी पार्थियन सैन्याचा रणांगणावर पराभव झालाच नव्हता. तडजोडीला शरणागतीचं रूप दिलं टाकसाळीने, आणि तेच चित्र लोकांच्या हातोहाती फिरलं. नाणं खोटं बोलत नसेल, तर पार्थियनांनी गुडघे टेकले ती लढाई कोणती, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.